खिडकी क्रमांक तीन

इमारत अख्खी लाकडाची.
दूर उत्तरेच्या जंगलातला पाइन
जहाजांनी आणून टाकला किनाऱ्यावर
आणि परतताना सोरा भरून नेला.
पुएर्तो अमार्गोत झाड उगवत नाही, पाऊस पडत नाही.
पहाटे समुद्रावरून धुकं चढतं,
भिंती चाटतं, खिडक्यांतून डोकावतं
आणि कुणाचंच काम न करता उतरून जातं,
एखाद्या जुन्या नगरसेवकासारखं.

नगरपालिका काचेच्या नव्या इमारतीत गेली.
जाताना शिक्के नेले नाहीत, टाइपरायटर नेले नाहीत,
अर्ज तर नाहीच नाही.
उरलं त्याचं शहराचं संग्रहालय झालं.
मी इथला शिपाई, इथलाच पहारेकरी झालो.
आधी म्हणायचो, थांबा.
आता म्हणतो, हात लावू नका.

डागडुजीच्या वेळी येर्को मारिनोविच सुतार
उंबरठ्यापाशी उकिडवा बसला.
मधोमध खोलगट झालेला, वाटीसारखा.
म्हणाला, हा टाकू, नवा घालू.
इर्माबाईंनी पट्टी लावून मोजलं
आणि त्याच्या हातातला रंधा काढून घेतला.
आता तिथे पाटी आहे:
मूळ उंबरठा. झीज चार सेंटिमीटर.
कुणी झिजवला, ते लिहिलेलं नाही.
पाटी लहान आहे.

तीन नंबरच्या खिडकीत मेणाचा कारकून बसवलाय.
उन्हाळ्यात त्याचं नाक थोडं घसरलं.
हातात टाक, मान खाली.
"अगदी हुबेहूब," ओब्दुलिया चोके म्हणाली,
"हाही वर बघत नाही."

ती गुरुवारी येते.
गुरुवार तक्रारींचा वार होता,
तो बंद झाल्याचं तिला कुणी कळवलेलं नाही.
शेळ्यांच्या टेकडीवर, सगळ्यात वरच्या आळीत
नळ बसवला, फीत कापली, बँड वाजला.
पाणी यायचं राहिलं.
शुक्रवारी टँकर चढतो. चढला तर.
पूर्वी त्या खिडकीशी ती साहेब म्हणायची,
आता पोरा म्हणते.
"पोरा, अजून आलं नाही बरं का."

मी म्हटलं, आजी, नव्या इमारतीत जा.
"जाऊन आले. तिथे यंत्र आहे.
चिठ्ठी देतं, चिठ्ठीवर आकडा असतो,
आकडा कुणी पुकारत नाही.
इथे निदान माणूस बसलाय."
आम्ही दोघांनी मेणाच्या माणसाकडे पाहिलं.
त्यानेही मान हलवली असती,
पण सवय नव्हती.

सोमवारी सुट्टी, झाडलोट.
पितळी तक्रारपेटी पुसायला उघडली
तर आत एक्केचाळीस कागद.
रेघी वहीचे, पेन्सिलीचे, एकाच अक्षरातले.
नियम असा की बाहेरचा कागद टाकून द्यायचा,
त्यातून कसर येते.
मी ते इर्माबाईंच्या टेबलावर ठेवले.
त्यांनी पांढरे हातमोजे घातले,
तीन वाचले, चष्मा काढला,
बराच वेळ काच पुसत राहिल्या.
मग मोठी नोंदवही ओढून लिहिलं:
अर्ज. पेन्सिल, कागद. विषय पाणी.
आणि पुढे क्रमांक.

गुरुवारी सांगितलं, आजी, तुमचा अर्ज दाखल झाला.
"नंबर पडला?"
पडला. दोन हजार आठशे सहा.
तिने तो तीनदा म्हणून पाहिला,
ओढणी सारखी केली,
कारकुनाकडे असं पाहिलं
जसं शेवटी त्यानेच केलं असावं.
मग मला विचारलं, "मग पाणी कधी?"

सव्वीस वर्षं शिपाई होतो मी.
तोंडात वाक्य तयारच असतं.
पुढच्या गुरुवारी या, म्हणालो.

ती हसली नाही, चिडलीही नाही.
पिशवीतून दोन रिकामे कॅन काढले
आणि मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी बांधलेल्या
न्हाणीघराकडे वळली.
तिथे चोवीस तास पाणी असतं.
ती भरते तेव्हा मी पाठ करून उभा राहतो,
खिडकी क्रमांक तीनवर लक्ष ठेवत.
जाताना ती उंबरठ्यावर क्षणभर टेकते,
पाय बरोबर त्या वाटीत,
हातांत दहा लिटर.

हात लावू नका असं
नळावर लिहिलेलं नाही.